निरी कुठून निघते?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरलं की लोक सरळ पद्मपाणीकडे जातात. मी आधी डावीकडच्या भिंतीशी थांबते. तिथे महाजनक जातकाची कथा रंगवली आहे. राजाचं मन संसारातून उठलंय, राणी सीवली त्याला परत ओढायला बघतेय आणि वादक स्त्रियांच्या घोळक्यात मधोमध एक नर्तकी नाचतेय. मंद दिव्याला डोळे सरावायला दोन-चार मिनिटं लागतात. तेवढी द्यावीत, आणि मग चेहऱ्याकडे न बघता आधी वस्त्राकडे बघावं.

नर्तकीच्या अंगात लांब बाह्यांचं, शिवलेलं वस्त्र आहे. कमरेखाली पट्ट्यापट्ट्यांचं अंतरीय. अंग एका बाजूला झुकलंय आणि अंतरीयावरचे पट्टेही त्या झोकाबरोबर वळलेत. बाजूच्या राजस्त्रियांकडे नजर नेली तर वस्त्र जवळजवळ दिसतच नाही. मांडीवरून गेलेली एक बारीक काठाची रेघ दिसते आणि तेवढ्यावरून आपण ओळखायचं, की इथे कापड आहे. चित्रकाराने तलम कापड रंगवलंच नाही, फक्त त्याचा काठ रंगवला. पंधराशे वर्षांपूर्वी, वाकाटकांच्या काळात, कुणीतरी हे ठरवलं. ज्याने मलमल हातात धरून उजेडात बघितली असेल, त्यालाच हे सुचू शकतं.

या भिंतीपासून मुंबईच्या चित्रपटगृहापर्यंत एक धागा जातो. तो वेशभूषाकार भानू अथैया यांच्या हातून गेला. त्याच धाग्याबद्दल आज लिहायचं आहे.

लेख टंडन यांचा ‘आम्रपाली’ 1966 साली आला. वैजयंतीमाला वैशालीची राजनर्तकी, सुनील दत्त मगधाचा अजातशत्रू. वेशभूषा भानू अथैया यांची आणि तिचा आधार अजिंठ्याची चित्रं. एवढं सगळ्यांना माहीत असतं. ‘अजिंठ्यावरून घेतलं’ असं म्हणून आपण पुढे जातो. पण घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं, हे बघायला बसलं की खरी गंमत सुरू होते.

आपल्याकडे जुन्यावरून नवं करताना बहुतेक वेळा नक्षी उचलली जाते. पैठणीच्या पदरावरचा मोर उशीच्या अभ्र्यावर येतो, अजिंठ्याचं कमळ लग्नपत्रिकेवर येतं. त्यात वाईट काही नाही. कमळ तर खुद्द पैठणीच्या काठापदरावरही जाऊन बसलंच आहे. पण नक्षी उचलणं सोपं असतं. नेसण उचलणं अवघड. वस्त्र कमरेला कुठे आवळलंय, निऱ्या पोटाशी निघाल्यात की कुशीला, टोक मागे खोचलंय की पुढे मोकळं सोडलंय, हे चित्रात अर्धंच दिसतं. उरलेलं अर्धं आपल्या अंगाला माहीत असावं लागतं.

नऊवारी नेसलेल्या बायकांच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे पटेल. माझी आजी पहाटे अंधारात, आरशाशिवाय, एकही पिन न लावता लुगडं नेसायची. निऱ्यांचं केळं हाताच्या चिमटीत धरायचं, ओचा खोचायचा, कासोटा मागे घट्ट ओढायचा आणि मग दिवसभर विहिरीपासून शेतापर्यंत हिंडायचं. तिला कुणी विचारलं असतं की निऱ्या किती घालतेस, तर तिला सांगता आलं नसतं. ते ज्ञान बोटांत होतं. ‘आम्रपाली’ बघताना मला सारखं जाणवतं, की ही वेशभूषा करणाऱ्या बाईच्या बोटांतही हे ज्ञान होतं.

भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये. जन्म 28 एप्रिल 1929. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी त्यांचा संबंध. भानू लहान असतानाच ते गेले. पण ज्या कोल्हापुरात त्या वाढल्या, त्या गावात कापड, रंग आणि रंगभूमी एकमेकांपासून वेगळी काढताच येत नव्हती. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते, सिनेमा नंतर आला. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, गावाच्या मध्यावर. आणि अंबाबाईच्या देवळात नवरात्रात रोज देवीची वेगळी अलंकारपूजा बांधली जाते. मूर्ती तीच, पण आज ती एका रूपात, उद्या दुसऱ्या. वस्त्र आणि अलंकार बदलले की तीच मूर्ती वेगळी कथा सांगते, हे कोल्हापूरचं पोर शाळेत जायच्या आधी शिकतं.

पुढे मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तिथे 1951 साली त्यांना उषा देशमुख सुवर्णपदक मिळालं. 1953 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. पोटासाठी मासिकांत फॅशनची रेखाटनं काढत होत्या; तिथून एका बुटिकसाठी कपडे आणि तिथून सिनेमा. चित्रकार म्हणून त्यांनी थांबायला नको होतं असं हळहळून म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. त्यांनी चित्रकला सोडली नाही, कॅनव्हास बदलला.

जे. जे. आणि अजिंठा यांचं नातंही जुनं. 1872 ते 1885 या काळात प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत जात होते आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करून घेत होते. त्या नकला लंडनला गेल्या आणि 1885 च्या आगीत त्यातल्या पुष्कळ जळाल्या. तरी उरलेल्यांतून 1896 मध्ये ग्रिफिथ्स यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात नुसती बोधिसत्त्वांची चित्रं नाहीत. छताच्या नक्षीची पानंच्या पानं आहेत. पुढे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीही अजिंठ्यावर ग्रंथ काढला. भानू अथैया मुंबईत शिकत होत्या त्या सुमाराला, 1950 मध्ये, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या डॉ. मोतीचंद्र यांचा ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ हा हिंदी ग्रंथ आला आणि 1951 मध्ये डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरचा इंग्रजी ग्रंथ. म्हणजे मुंबईच्या हवेत तेव्हा हा विषय होता. जुनं वस्त्र हा नुसता हौसेचा मामला राहिला नव्हता, अभ्यासाचा झाला होता.

आता पडद्यावर बघू. आम्रपाली नाचायला येते तेव्हा तिच्या अंगावर छातीला बांधलेला पट्टा आहे. संस्कृतात ज्याला स्तनपट्ट म्हणतात, तसा. त्याखाली पोट उघडं, बेंबीच्या बरंच खाली आवळलेलं अंतरीय. ते दोन पायांमधून घेऊन मागे गेलंय आणि पुढे निऱ्यांचा पंखा मोकळा सुटलाय. कमरेवर मेखला, दंडावर बाजूबंद, डोक्यावर उंच बांधलेला केशसंभार. हे सगळं अजिंठ्याचं. पण भिंतीवरच्या नर्तकीचं नाही! नर्तकी तर लांब बाह्यांचं शिवलेलं वस्त्र घालून आहे. अजिंठ्यात शिवलेले कपडे जास्त करून दासींच्या, नर्तकींच्या, परदेशी लोकांच्या अंगावर दिसतात. राजस्त्रिया मात्र न शिवलेल्या, नेसलेल्या, तलम वस्त्रात. भानू अथैया यांनी आपल्या नर्तकीला राजस्त्रियांची नेसण दिली.

माझ्या मते या वेशभूषेतला सगळ्यात मोठा निर्णय हाच. आम्रपाली नोकर नाही. ती नगराची शोभा आहे, वैशालीचा अभिमान आहे, तिच्यासाठी राजे युद्ध मांडतात. तिला भिंतीवरच्या नर्तकीचा पोशाख दिला असता तर इतिहासाला धरून झालं असतं, पण पात्र छोटं झालं असतं. नक्कल करणाऱ्याने ‘नर्तकी’ हा शब्द वाचून भिंतीवरची नर्तकी शोधली असती. भानू अथैया यांनी पात्राचा मान बघितला आणि त्या मानाची स्त्री भिंतीवर शोधली.

दुसरी गोष्ट नाचाची. वैजयंतीमाला भरतनाट्यम शिकलेली नर्तकी, तिचे पाय अर्धमंडलात बसतात तेव्हा गुडघे बाहेर उघडतात. अशा वेळी पायघोळ घेर असता तर पायांची रेघच हरवली असती. कासोट्यासारखी मागे गेलेली नेसण पायांना मोकळं करते आणि पुढचा निऱ्यांचा पंखा प्रत्येक बैठकीबरोबर उघडतो-मिटतो. कपडा तालात आहे. नाच संपून ती स्थिर उभी राहते तेव्हा तोच पंखा सरळ रेषेत पडतो आणि क्षणभर ती भिंतीवरच्या चित्रासारखी दिसते. भिंतीवर मलमल फक्त काठाच्या रेघेत दिसते हे मघाशी सांगितलं. पडद्यावर कापडालाच ती रेघ काढावी लागते. काठ, पट्टा, मेखला, निरीची धार, या सगळ्या रेघा शरीराच्या वळणावर बसवलेल्या आहेत. चित्रकाराच्या हाताची ओळख मला इथे पटते.

एक गोष्ट मला खटकते, तीही सांगायला हवी. दागिने फार चमकतात. अजिंठ्याच्या मोत्यांच्या सरी त्वचेवर विसावलेल्या वाटतात. स्टुडिओच्या प्रखर उजेडात सिनेमातल्या दागिन्यांची लकाकी कापडाला मागे ढकलते. काही प्रसंगांत नजर नेसणीवर जायच्या आधी कमरपट्ट्यावरच अडकते.

काळाचा आक्षेपही नेहमी घेतला जातो. आम्रपाली बुद्धाच्या काळातली आणि अजिंठ्याची ही चित्रं इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. मध्ये जवळजवळ हजार वर्षं आहेत. काळाच्या जवळ जायचं तर भरहुत, सांची इथली शिल्पं गाठायला हवी होती. आक्षेप बरोबर आहे. तरीही निवड मला योग्य वाटते. शिल्पात रंग नाही, कापडाची जात नाही. दगड मलमलीलाही जाड करतो. रंगीत चित्रपटाला रंग हवा होता आणि आपल्या प्राचीन वस्त्रांचा एवढा भरघोस रंगीत पुरावा अजिंठ्याशिवाय कुठे आहे? शिवाय कथेचा शेवट बघा. सगळं भोगून, वैशालीची राख बघून आम्रपाली बुद्धाला शरण जाते. अलंकार गळतात, साधं वस्त्र उरतं. ज्या भिंतीवर महाजनकासमोर नर्तकी नाचते आणि राजा तरी सगळं सोडून जातो, त्याच भिंतीच्या सावलीत ही वेशभूषा घडली, हे कथेच्या आतून जुळतं.

भानू अथैया यांचीच वेशभूषा असलेला, त्याआधीचा ‘साहिब बीबी और गुलाम’ (1962) मात्र कृष्णधवल आहे, तिथे रंगाचा आधार नाही. छोटी बहू पहिल्यांदा आपल्याला दिसते ती भूतनाथच्या खाली झुकलेल्या नजरेतून. आधी तिची पावलं आणि मग चेहरा. बंगाली जमीनदार घराण्यातली सून, अंगभर साडी, अंगभर दागिने. करड्या छटांमध्ये रेशीम कोणतं आणि सूत कोणतं हे कळतं ते फक्त उजेड कापडावरून कसा घसरतो त्यावरून. या सिनेमात भानू अथैया यांना रंगाऐवजी पोत निवडावा लागला. तो इतका अचूक निवडलाय, की पुढे ती एकटी पडत जाते तेव्हा तिच्या अंगावरची श्रीमंती जड वाटायला लागते.

‘ब्रह्मचारी’ (1968) मधल्या मुमताजच्या नारिंगी साडीचा किस्सा अनेकांना ठाऊक असेल. नाच असा होता, की नेसलेली साडी टिकलीच नसती. म्हणून भानू अथैया यांनी साडीची नेसण तशीच ठेवून ती शिवून टाकली, चेन लावली. आज लग्नसराईत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवलेली नऊवारी सर्रास दिसते, तिला नावं ठेवणारे पुष्कळ. मी ठेवणार नाही. कापड शिवलं की नेसण मेली असं होत नाही. शिवणाऱ्याला निरी कुठून निघते हे माहीत हवं, एवढंच. ज्या शिवलेल्या नऊवारीत कासोटा हा नुसता मागे लावलेला तुकडा असतो, ती दोन पावलांत उघडी पडते. ज्यात तो खरोखर निऱ्यांतून मागे ओढल्यासारखा कापलेला असतो, ती अंगावर लुगडं होऊन बसते. विश्वास नसेल तर एखाद्या जाणत्या शिंप्याला विचारा.

आणि मग ‘गांधी’. त्यातल्या वेशभूषेसाठी 1983 साली जॉन मोलो यांच्यासोबत भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. या चित्रपटात सजावट जवळजवळ नाही आणि म्हणून रसिकाची इथे परीक्षा आहे. गांधीजींचं आयुष्य हाच वस्त्रांचा इतिहास आहे. बॅरिस्टरचा सूट, मग काठियावाडी पोशाख, मग 22 सप्टेंबर 1921 ला मदुराईत घेतलेला पंचा. दक्षिण आफ्रिकेला जाताना कस्तुरबांना त्यांनी पारशी धर्तीची साडी नेसायला लावली होती, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे कापड म्हणजे काय, हे या माणसाला आधीपासून ठाऊक होतं.

चित्रपटात एक प्रसंग आहे. भारतात परतल्यावर देश बघत फिरणारे गांधी एका नदीच्या काठी उतरतात. पाण्यात हात बुडवताना त्यांना पलीकडे एक गरीब बाई दिसते. अंगावर फाटकं, पुरेसं नाही इतकं वस्त्र. तिच्याकडे नीट बघणंही त्यांना अवघड होतं. ते आपल्याजवळचं पांढरं कापड पाण्यावर सोडतात. कापड पसरतं, तरंगत तिच्याकडे जातं, ती ते उचलते आणि अंगावर ओढून घेते. संवाद नाही.

हा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन. यात अभिनय कापड करतं. ते जाड असतं तर लगेच बुडालं असतं, झुळझुळीत असतं तर दानाला शोभेचं रूप आलं असतं. पाण्यावर ते आधी फुगतं, मग भिजून सपाट होतं, आणि तिच्या हातात येतं तेव्हा वजनदार झालेलं असतं. आणि तिच्या अंगावरचं फाटकं बघा. सिनेमात गरिबी दाखवायची म्हणजे कात्रीने चार भोकं पाडायची, अशी रीत आपण खूप पाहिली. खरं कापड असं विरत नाही. ते बसायच्या जागी विरतं, खांद्यावर घासून विरतं, धुऊन धुऊन त्याचे काठ आधी झिजतात. अंगावर चढलेलं कापड कुठे राबलंय, हे ज्याला वाचता येतं, त्याचीच फाटकी साडी खरी दिसते. अजिंठ्यात एका रेघेने मलमल दाखवणारा तो अनामिक चित्रकार आणि हे कापड नदीत सोडणारी कोल्हापूरची ही बाई मला एकाच घराण्यातली वाटतात.

नंतर ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 2010 मध्ये वेशभूषेच्या कलेवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. 2012 मध्ये त्यांनी ऑस्करची बाहुली अकादमीकडे जपून ठेवायला परत पाठवली. इथे ती नीट सांभाळली जाईल याची त्यांना खात्री नव्हती. 15 ऑक्टोबर 2020 ला त्या गेल्या. बाहुलीबद्दलच्या त्यांच्या निर्णयावर तेव्हा बातम्या झाल्या, चर्चा झाली. पडद्यावर त्यांनी नेसवलेल्या कापडाबद्दल आपण मराठीत फार कमी बोललो, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून एक विनंती. ‘आम्रपाली’ एकदा आवाज बंद करून बघा. गाणी गोड आहेत, ती लक्ष ओढून घेतात, म्हणून बंद. निरी कुठून निघते, कासोटा कुठे जातो, पंखा कधी उघडतो, एवढंच बघा. मग अजिंठ्याला जा आणि पहिल्या लेण्यात डावीकडच्या भिंतीसमोर उभे राहा. विजेरीचा झोत चित्रावर मारू नका, डोळ्यांना सरावू द्या. सोमवारी लेणी बंद असतात.